घराशेजारी मोबाईल टॉवर: नियम काय सांगतो आणि हरकत नेमकी कशावर घ्यायची

संभाजीनगरच्या सिडकोत असो, नांदेडच्या एखाद्या जुन्या गल्लीत असो किंवा लातूरच्या नव्या वसाहतीत, टॉवरचं सामान उतरलं की ठरलेलं घडतं. कॉलनीतले लोक जमतात, सह्यांचं निवेदन तयार होतं, ते महापालिकेत जातं आणि त्याची पहिली ओळ असते, ‘रेडिएशनमुळे आमच्या आरोग्याला धोका आहे’. काही दिवस काम थांबतं आणि मग पुन्हा सुरू होतं. ‘कंपनीने वरून दाबलं’ असं म्हणत लोक हताश होतात.

बऱ्याचदा कोणी दाबलेलं नसतं. हरकत चुकीच्या मुद्द्यावर आणि चुकीच्या कार्यालयात घेतलेली असते. केंद्राचा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये आला, त्याची मार्गाधिकाराची, म्हणजे टॉवर, खांब, केबल यांसाठी जागा वापरायच्या हक्काची कलमं २६ जून २०२४ पासून लागू झाली आणि त्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले. टॉवर उभारायला कंपनीला आता पूर्वीपेक्षा कमी ठिकाणी थांबावं लागतं. म्हणून रहिवाशांच्या हातात नेमकं काय उरलं आहे, हे नीट माहीत असायला हवं. उरलंय बरंच, पण ते रेडिएशनच्या मुद्द्यात फार थोडं आणि स्लॅब, जनरेटर, गच्चीची मालकी यांत जास्त आहे.

टॉवर वस्तीतच का लागतो

आपण ज्याला टॉवर म्हणतो तो फक्त लोखंडी सांगाडा. खरं काम करतात त्यावरच्या उभट, पांढरट पेट्या, म्हणजे अँटेना. त्यांना जोडलेल्या रेडिओ यंत्रणेला बीटीएस म्हणतात. सांगाडा बहुधा एका कंपनीचा असतो आणि त्यावर दोन-तीन मोबाईल कंपन्या भाड्याने अँटेना लावतात. जनरेटर, कुंपण आणि स्लॅब यांची तक्रार सांगाड्याच्या मालकाकडे जाते, लहरींची तक्रार अँटेनावाल्याकडे. फाटकावर साईटचा क्रमांक आणि कंपनीचं नाव असलेली पाटी असते. तिचा फोटो आधी काढून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक अर्जात तो क्रमांक लागणार आहे.

‘गावाबाहेर माळावर लावा की’ ही मागणी पहिल्यांदा ऐकताना रास्त वाटते. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात, पण त्यांची वहनक्षमता कमी असते. जास्त डेटा वाहणाऱ्या १८००, २३०० आणि ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झपुढच्या लहरी भिंतीला लवकर दबतात आणि कमी अंतरात विरतात. त्यात एका टॉवरची क्षमता ठरावीक असते आणि ती त्या भागातल्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. संध्याकाळी सगळी कॉलनी एकदम व्हिडिओ पाहायला बसली की फोनवर रेंज पूर्ण दिसते, पण नेट चालत नाही. त्याचं कारण हेच. शिवाय टॉवरचं फोनला ऐकू जाणं पुरेसं नसतं, फोनचा क्षीण आवाजही टॉवरला ऐकू जावा लागतो. ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट शक्तीने बोलतो. चार किलोमीटरवरच्या टॉवरपर्यंत ती शक्ती दोन भिंती ओलांडून पोचवणं त्याला जड जातं.

मर्यादा किती, आणि ती कशी मोजायची

या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. अणूमधले इलेक्ट्रॉन उखडून काढायची ताकद त्यांच्यात नाही. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच आहे, शरीर किंचित तापणं. म्हणून मर्यादा ठरवताना एक चौरस मीटर जागेवर किती वॅट शक्ती पडते ते पाहतात. तिला शक्तिघनता म्हणतात.

आंतरराष्ट्रीय मर्यादा ९०० मेगाहर्ट्झला ४.५ वॅट, १८०० ला ९ वॅट आणि २००० च्या पुढे १० वॅट प्रति चौरस मीटर अशी होती. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ती एक दशांशावर आणली, म्हणजे अनुक्रमे ०.४५, ०.९ आणि १ वॅट. एकाच टॉवरवर चार वेगवेगळ्या लहरी असतील तर प्रत्येकीचं तिच्या मर्यादेशी असलेलं प्रमाण काढतात आणि सगळ्यांची बेरीज १ च्या आत यावी लागते. ‘प्रत्येक कंपनी आपापल्या मर्यादेत, पण सगळ्या मिळून काय?’ या शंकेचं उत्तर या बेरजेत आहे.

अंतराचा हिशेब करून पाहू. समजा एका अँटेनाला २० वॅट शक्ती दिली आणि अँटेनाने ती एका दिशेला एकवटून पन्नासपट केली. झोताच्या ऐन मध्यात, १० मीटरवर, साधारण ०.८ वॅट प्रति चौरस मीटर पडतील. ९०० मेगाहर्ट्झच्या मर्यादेपेक्षा हे जास्त आहे. २० मीटरवर तोच आकडा ०.२ होतो आणि ४० मीटरवर ०.०५. अंतर दुप्पट झालं की शक्ती चौथाईवर येते. या उदाहरणात सुमारे १३ मीटरच्या पुढे मर्यादा पाळली जाते. आजच्या अँटेनांना याहून जास्त शक्ती देतात, म्हणून दूरसंचार विभागाच्या मार्गदर्शक सूचनांतलं अंतर अँटेनांच्या संख्येनुसार वाढत जातं. एक अँटेना असेल तर समोर, त्याच उंचीवर, २० मीटरच्या आत इमारत नसावी. दोन असतील तर ३५ मीटर, बारा असतील तर ७५ मीटर.

यात ‘समोर’ आणि ‘त्याच उंचीवर’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. अंधारात धरलेल्या बॅटरीचा झोत जसा समोरच्या भिंतीवर पडतो आणि बॅटरी धरणाऱ्याच्या पायाशी अंधारच राहतो, तसं अँटेनाचं आहे. तिचा झोत आडवा रुंद, पण उभा जेमतेम सहा-सात अंशांचा असतो आणि तो थोडा खाली झुकवलेला असतो. ३० मीटर उंचीवरची अँटेना ६ अंश झुकवली तर झोताचा मध्य जमिनीला सुमारे २८५ मीटरवर टेकतो. त्यामुळे ज्याच्या गच्चीवर टॉवर आहे त्या घरात लहरी बहुधा कमीच असतात. काळजी करायची तर ती समोरच्या, तितक्याच उंच इमारतीच्या वरच्या मजल्याने.

आपल्याकडे हाच धोका पुढे वाढणार आहे. गुंठेवारीच्या वसाहतीत टॉवर लागला तेव्हा आजूबाजूला एकमजली घरं होती, झोत वरून निघून जात होता. दहा वर्षांत शेजारच्या प्लॉटवर तीन मजले चढले आणि नवी गच्ची थेट अँटेनासमोर आली. कागदोपत्री टॉवर पूर्वीसारखाच सुरक्षित आहे. असं झालं असेल तर फेरमोजणी मागायलाच हवी, आणि मजला चढवणाऱ्यानेही बांधकामापूर्वी समोर अँटेना आहे का ते पाहून घ्यावं.

‘पण कॅन्सर होतो म्हणतात’

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २ब गटात टाकलं, हे खरं आहे. त्या वर्गीकरणाला आधार होता तो कानाला फोन लावून खूप बोलणाऱ्यांच्या अभ्यासांचा, आणि तो पुरावाही मर्यादित असल्याचं संस्थेनेच म्हटलं होतं. दूरच्या टॉवरबद्दलचा तो निष्कर्ष नव्हता. पुढे २०२४ मध्ये त्याच आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

भीती खोटी म्हणून झटकून टाकू नये. गल्लीत दोघातिघांना कॅन्सर झालेला दिसला की माणूस कारण शोधणारच. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टॉवर जितका दूर तितका हातातला फोन जास्त शक्ती लावतो, आणि तो फोन कानापासून एका बोटावर असतो. टॉवर हटवल्यावर त्याच गल्लीतल्या लोकांच्या डोक्याशी पडणाऱ्या लहरी कमी होण्याऐवजी वाढू शकतात.

न्यायालयं या मुद्द्याकडे आता पुराव्याच्या बाजूने पाहतात. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शाळा आणि रुग्णालयांवरचे टॉवर काढायला सांगितलं होतं. आपल्याकडे मात्र सांगली जिल्ह्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीने टॉवरचं काम थांबवायला केलेला ठराव मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, कारण आरोग्याला अपाय होतो हे दाखवणारा शास्त्रीय आधार त्यामागे नव्हता. ग्रामसभेत ‘रेडिएशन’ एवढ्या एका शब्दावर ठराव करणाऱ्या प्रत्येक गावाने हा निकाल ध्यानात ठेवावा.

परवानगी कोण देतं

गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. टेलिफोन आणि बिनतारी संदेशवहन हे विषय संविधानाच्या केंद्र सूचीत आहेत, तर बांधकामावर नियंत्रण राज्याचं आणि महापालिकेचं. टॉवर दोन्हीकडे मोडतो. लहरींची मर्यादा, जागेची बिनतारी मंजुरी आणि त्यासंबंधीचा दंड हे केंद्राच्या दूरसंचार विभागाकडे आहे. रेडिएशनची तक्रार घेऊन महापालिका आयुक्तांकडे गेलात तर ते काही करू शकत नाहीत, कारण मोजणीचं यंत्र आणि दंडाचा अधिकार दोन्ही त्यांच्याकडे नाहीत.

राज्याच्या नगरविकास विभागाने २०१४ मध्ये टॉवरसाठी नियमावली आणली. शाळा आणि रुग्णालयांच्या इमारतींवर टॉवरला मनाई आणि रहिवासी इमारतीवर लावायचा तर ७० टक्के कायदेशीर रहिवाशांची संमती, ही तिची लोकांच्या लक्षात राहिलेली कलमं. केंद्राची भूमिका वेगळी होती. लहरींची मर्यादा सगळीकडे सारखीच कडक आहे, तेव्हा शाळा-दवाखान्यांसाठी वेगळं अंतर ठेवायची गरज नाही, असं दूरसंचार विभागाचं म्हणणं.

मग ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने मार्गाधिकार नियमांत दुरुस्ती केली. खाजगी मालमत्तेवर टॉवर किंवा खांब उभारायला स्थानिक प्राधिकरणाची परवानगी लागणार नाही, काम सुरू करण्यापूर्वी लेखी माहिती द्यायची आणि इमारतीवर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरचं प्रमाणपत्र जोडायचं. २०२३ च्या कायद्यातही खाजगी जागेसाठी मालकाशी करार हाच पाया आहे. सार्वजनिक जागेसाठी, म्हणजे महापालिकेची इमारत, रस्त्याकडेचा पट्टा, विजेचा खांब यांसाठी, अर्ज ऑनलाईन जातो आणि ६७ दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. चालू टॉवरला सील ठोकणं किंवा त्याची वीज तोडणं हेही स्थानिक संस्थेला आता केंद्राच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. अपवाद नैसर्गिक आपत्ती आणि सार्वजनिक आणीबाणीचा.

म्हणजे व्यवहारात, महापालिकेकडे ‘परवानगी रद्द करा’ असा अर्ज केला तर बरेचदा रद्द करायला परवानगीच नसते. त्याऐवजी ‘या पत्त्यावरच्या टॉवरची लेखी माहिती आणि स्ट्रक्चरल प्रमाणपत्र कंपनीने दिलं आहे का, दिलं असल्यास प्रत द्या’ असा माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांची मुदत. प्रमाणपत्र नसेल तर काम नियमाबाहेर आहे आणि ते थांबवायला सांगण्याला ठोस आधार मिळतो. अर्ज टॉवर उभा राहण्याआधी, सामान उतरल्याच्या पहिल्या दिवशीच करावा. अँटेना सुरू झाल्यावर तो टॉवर दूरसंचार जाळ्याचा भाग होतो आणि त्याला हात लावणं अवघड होतं.

शेजाऱ्याची संमती लागते का? स्वतंत्र घर असेल तर नाही. आपल्या मालकीच्या घरावर किंवा मळ्यात टॉवर घ्यायला शेजाऱ्याची सही मागणारी तरतूद केंद्राच्या नियमांत नाही. हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण त्यावर लढाई उभी केली तर हार ठरलेली आहे.

अपार्टमेंटची गोष्ट निराळी. गच्ची ही बहुधा सामाईक जागा असते. बिल्डरने किंवा अध्यक्षाने एकट्याने करार केला असेल तर तो सगळ्या सदनिकाधारकांच्या मालमत्तेबद्दल केलेला आहे. अपार्टमेंटचं नोंदणीकृत घोषणापत्र (डिक्लरेशन) किंवा सोसायटीचे उपविधी काढून पाहा, सर्वसाधारण सभेचा ठराव मागा. बिल्डरने इमारत सोसायटीच्या नावावर केलेलीच नाही आणि गच्चीचं भाडं मात्र तो घेतो, असा प्रकार आपल्या शहरांत सर्रास आहे. त्यावर दिवाणी न्यायालयात आणि सहकार उपनिबंधकांकडे दाद मागता येते. रेडिएशनपेक्षा हा मुद्दा कितीतरी मजबूत आहे.

खरा प्रश्न स्लॅबचा

मराठवाड्यात टॉवरची भीती बाळगायची तर ती वजनाची आणि वाऱ्याची. गच्चीवरचा खांब दिसायला बारीक असतो, पण त्यासोबत लेड-अॅसिड बॅटऱ्यांचा संच, वीजपुरवठ्याची कपाटं आणि कधी जनरेटरही येतो. ४८ व्होल्टच्या संचात दोन व्होल्टचे २४ सेल असतात. मोठ्या क्षमतेचा एकेक सेल चाळीस किलोच्या आसपास भरतो, म्हणजे नुसत्या बॅटऱ्याच टनाच्या घरात जातात. लिथियमचा संच यापेक्षा बराच हलका असतो. करार करताना तोच मागावा.

वजन खाली दाबतं, वारा आडवा ढकलतो. भारतीय मानकात औरंगाबादसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. त्या वेगाला प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ९३ किलोचा दाब येतो. अँटेना, तबकडी आणि खांब मिळून चार चौरस मीटर अडवत असतील तर साडेतीनशे किलोंहून जास्त जोर आडवा लागतो, तोही स्लॅबच्या सहा-नऊ मीटर वर. तळाशी तो ताण कितीतरी पटींनी वाढतो. वैशाखातल्या वादळात पत्रे उडतात तेव्हा हा हिशेब कागदावर राहत नाही.

म्हणून खांबाचे पाय कुठे टेकले आहेत ते पाहावं. ते कॉलमच्या डोक्यावर किंवा दोन कॉलमना जोडणाऱ्या तुळईवर हवेत. दोन कॉलमच्या मधोमध, नुसत्या स्लॅबवर बोल्ट मारलेला पाय म्हणजे चूक. स्लॅबची जाडी चार-पाच इंच, त्यात भोक पाडलं की सळईला धक्का लागतो, वॉटरप्रूफिंग फुटतं, पाणी झिरपतं आणि काही पावसाळ्यांत सळई गंजून सिमेंटचे पापुद्रे पडायला लागतात. खालच्या खोलीच्या छताला पायाच्या रेषेत ओल किंवा चिरा दिसल्या तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून कंपनीला लेखी कळवावं.

इंजिनियरने इमारतीचा मूळ नकाशा, कॉलम-तुळयांची रचना आणि काँक्रीटची ताकद तपासलेली असायला हवी. जुन्या इमारतीचा नकाशा नसेल तर हातोडा चाचणी किंवा काँक्रीटचा गाभा काढून चाचणी करतात. प्रमाणपत्रात या चाचण्यांचे आकडे नसतील आणि फक्त ‘इमारत सुरक्षित आहे’ एवढंच वाक्य असेल, तर मी त्या कागदावर विश्वास ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नये. त्यावरचा इमारतीचा पत्ता आणि मजले आपल्याच इमारतीचे आहेत का, तेही वाचावं.

दगडमातीच्या भिंतींच्या आणि माळवदाच्या घरावर टॉवर नकोच, भाडं कितीही मिळो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिवच्या गावांमध्ये माणसं मेली ती मुख्यतः जड छप्पर आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळून. त्यानंतर पुनर्वसनात बांधलेल्या लहान घरांवरही पुढे कोणी मजले चढवले, कोणी टाक्या ठेवल्या. अशा घराच्या डोक्यावर आणखी भार घालण्याआधी पायापासून तपासणी हवी.

जनरेटर आणि वीज

लोडशेडिंग असलेल्या भागात रात्री दोन वाजता टॉवरचा जनरेटर सुरू होतो आणि त्रास त्याचाच सगळ्यात जास्त असतो. कायदा इथे रहिवाशांच्या बाजूने आहे. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. जनरेटरच्या पेटीपासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. धुराच्या नळीचंही सूत्र आहे. इमारतीच्या उंचीवर, जनरेटरच्या केव्हीएच्या (त्याच्या क्षमतेच्या आकड्याच्या) वर्गमुळाला ०.२ ने गुणून येईल तितके मीटर. १५ केव्हीएला ते पाऊण मीटरच्या थोडं वर येतं. नळी शेजारच्या खिडकीकडे तोंड करून सोडलेली असेल तर ते सरळ उल्लंघन आहे. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात आणि आवाजाची असेल तर पोलिसांकडेही करता येते. पेटीचे दरवाजे उघडे ठेवून जनरेटर चालवणं हे आवाजाचं नेहमीचं कारण. गरम होतो म्हणून ऑपरेटर ते उघडतो.

विजा पडण्याबद्दल एक गैरसमज आहे. टॉवर आभाळातून वीज ओढून आणत नाही, पण आसपास पडणारी वीज उंच धातूवर पडण्याची शक्यता जास्त. चांगलं अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते. ते तुटलेलं असेल तर तीच वीज केबल आणि वीजवाहिनीतून घरातला टीव्ही, मोटार, मीटर जाळते. तांब्याच्या पट्ट्या चोरीला जातात, हे अर्थिंग तुटण्याचं नेहमीचं कारण. मृगाच्या आधी टॉवरच्या पायथ्याशी पट्टी जागेवर आहे का, ती मातीपर्यंत सलग जाते का, एवढं पाहावं. दर वर्षी अर्थिंगची मोजणी करून नोंद देण्याची अट करारात घालावी, आणि आपल्या मीटरजवळ सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोंढा अडवणारं उपकरण, बसवावा.

काही ठिकाणी अडचण जागेचीच असते. बीबी का मकबरा, दौलताबाद, वेरूळ अशा केंद्रीय संरक्षित स्मारकांपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे आणि पुढच्या २०० मीटरांत पूर्वपरवानगी लागते. चिकलठाणा, नांदेड, लातूर विमानतळांच्या परिसरात उंचीची वेगळी मंजुरी लागते.

लहरी मोजून घ्यायच्या असतील तर

दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ मे २०१७ पासून चालू आहे. नाव, ई-मेल, मोबाईल क्रमांक देऊन नकाशावर आपलं ठिकाण निवडलं की जवळचे टॉवर आणि ते मर्यादेत असल्याची नोंद दिसते. मनात शंका असेल तर ४,००० रुपये ऑनलाईन भरून आपल्या जागेची मोजणी मागता येते. विभागाचे अभियंते येऊन मोजतात आणि अहवाल देतात. पाच-सहा घरांनी वर्गणी केली तर रक्कम जड नाही. मोजणी अँटेनाच्या समोर, सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि संध्याकाळी नेट जास्त चालतं त्या वेळी मागावी. मर्यादा ओलांडलेली सापडली तर प्रत्येक बीटीएसमागे १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे.

ऑनलाईन मिळणाऱ्या दोन-तीन हजारांच्या मीटरवर भरवसा ठेवू नये. ते क्षणभराचा उच्चांक दाखवतात, तर मर्यादा सहा मिनिटांच्या सरासरीवर ठरलेली आहे. शिवाय शेजारचा वायफाय आणि खिशातला फोनही ते त्यात मिसळतात. निवेदनाला अशा मीटरचा फोटो जोडला की अधिकाऱ्याला तो बाजूला सारायला निमित्त मिळतं.

तरीही दाद लागली नाही तर जिल्हा पातळीवर दूरसंचार समितीची व्यवस्था आहे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा. रेडिएशन, इमारत आणि जनरेटर यांचे तीन वेगळे अर्ज, ज्याच्या त्याच्या कार्यालयाला. सगळं एकाच कागदावर लिहिलं की तो कागद टेबलांवर फिरत राहतो.

स्वतःची जागा देताना

शेतात किंवा घरावर टॉवर घेणाऱ्यांनी करार नोंदणीकृतच करावा. मुदत, भाडेवाढ, स्वतंत्र वीजमीटर, गच्चीची डागडुजी कोणी करायची, विमा कोणाचा, हे लिहून घ्यावं. बहुतेक मसुद्यांत कंपनीला एक-दोन महिन्यांच्या नोटिशीवर निघून जाता येतं, मालकाला मात्र वर्षानुवर्षं बांधून ठेवलेलं असतं. ते कलम बदलून मागावं. करार संपल्यावर सांगाडा आणि पायाचं काँक्रीट किती दिवसांत हलवायचं आणि नाही हलवलं तर रोजची भरपाई किती, हेही हवं, कारण बंद कंपन्यांचे गंजलेले सांगाडे आजही कितीतरी गच्च्यांवर उभे आहेत. मालमत्ता कराची जबाबदारीही लिहावी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असं ठरवलं होतं, २०२३ चा कायदा मात्र दूरसंचार जाळं हे ज्या मालमत्तेवर उभं आहे तिच्यापासून वेगळं धरतो. कराची नोटीस आली तर ती कोणी भरायची हा वाद घरमालकाच्या अंगावर येऊ नये.

आणि फोन आला की ‘तुमच्या शेतात टॉवर मंजूर झालाय, चाळीस लाख अॅडव्हान्स मिळेल, आधी नोंदणीचे पंधरा हजार भरा’, तर एक रुपयाही भरू नये. खरी कंपनी जागामालकाकडून पैसे घेत नाही, ती भाडं देते. दूरसंचार विभाग आणि ट्राय (दूरसंचार नियामक) कोणाही जागामालकाला ‘ना हरकत’ पत्र देत नाहीत, त्यामुळे त्यांच्या शिक्क्याचं पत्र दाखवलं तर ते बनावट आहे. दुष्काळात अडकलेल्या शेतकऱ्याला हेच पत्र दाखवून लुटतात. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येते. पैसे गेले नसतील, नुसता फोन किंवा मेसेज आला असेल, तर ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ सुविधेत तो क्रमांक नोंदवावा.